जुना कोच घेतांना

गेल्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकीं बरींच पत्रें एकाच विषयाचीं आहेत. नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर किंवा कॉलेज रस्त्यावर नव्या सदनिकांत राहावयास गेलेलीं कुटुंबें जुन्या धर्तीच्या लांकडी कोचांच्या, सेटींच्या व वेताच्या खुर्च्यांच्या शोधांत आहेत. ज्या वस्तु आपल्या वडिलांनीं अडगळ म्हणून माळ्यावर चढविल्या, त्याच आज 'मिडसेंच्युरी' या नांवानें दुकानाच्या दर्शनी भागीं मांडल्या जातात आणि त्यांची किंमत ऐकून घरांतील वडील माणसें कपाळाला हात लावतात. कोणतें आसन घ्यावें, काय पाहून घ्यावें व किती मोल द्यावें, हे वाचकांचे प्रश्न या महिन्यांत विचारांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आधीं ही वस्तु आपल्या घरांत आली कशी तें थोडक्यांत पाहूं. तें कळल्यावांचून बाजारांतलें खरें-खोटें निवडतां येत नाहीं. आपली मूळची बैठक जमिनीवरची. ओसरीवर घोंगडी किंवा सतरंजी, दिवाणखान्यांत गादी, लोड व तक्के, जेवावयास पाट आणि माजघरांत झोपाळा, एवढ्यावर घराचें भागत असे. खुर्ची ही कचेरीची वस्तु. वकील-मामलेदारांच्या घरीं ती प्रथम आली, ती सुद्धां आल्यागेल्यासाठीं बाहेरच्या खोलींत. पुढें मुंबईस समुद्रकांठीं सिमेंटच्या नव्या घाटाच्या इमारती उठल्या. (मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदान यांलगतच्या ह्या इमारतींना २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें.) तशा घरांत सामान कसें असावें हें लोकांस दाखविण्यासाठीं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेनें १९३७ सालीं मुंबईच्या टाउन हॉलांत 'आयडियल होम' नांवाचें प्रदर्शन भरविलें होतें. गोलाई दिलेले हात, जाड पाठ, जमिनीलगतची बैठक असा त्या काळचा थाट. स्वातंत्र्यानंतर हा जडपणा ओसरला. पाय निमुळते व तिरपे झाले, पाठीस उभ्या पट्ट्या किंवा वेताची जाळी आली आणि उशा सुट्या झाल्या. हल्लीं ज्याला मागणी आहे तें सामान मुख्यतः या दुसऱ्या पिढीचें, म्हणजे साधारण १९५० ते १९७० या वीस वर्षांतलें.

नाशिकांत त्याला गिऱ्हाईक कोठून मिळालें, हें सांगावयास फार दूर जावें लागत नाहीं. नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस १९२८ सालीं विधिपूर्वक उघडला. ओझरचा विमानांचा कारखाना १९६४ सालचा. या दोहोंच्या व इतर कचेऱ्यांच्या आश्रयानें दोन-तीन खोल्यांचीं बिऱ्हाडें करून राहणारा मोठा नोकरदार वर्ग येथें तयार झाला. वाड्यांतला दिवाणखाना गेला, गादी पसरावयास जागा उरली नाहीं. मग तिघांचा एक कोच, दोन खुर्च्या व मध्यें एक मेज, इतकें सामान सुताराकडून करून घेतलें म्हणजे बैठकीची खोली सजली. देवळालीची कथा निराळी. तेथें छावणी. मायदेशीं परतणारे गोरे शिपाई जहाजाची वाट पाहत तेथें इतके दिवस कंटाळत पडून असत कीं, देवळालीच्या नांवावरून इंग्रजींत वेडेपणाला एक शब्दच रूढ झाला! छावणींतले साहेब गेले, पण त्यांच्या बंगल्यांतील लांब हातांच्या आरामखुर्च्या व वेताचे कोच हिंदुस्थानांतच राहिले. देवळालीस हवापालटासाठीं पारशी-गुजराती मंडळींनीं बांधलेल्या बंगल्यांतूनहि असें सामान पुष्कळ होतें.

या आसनावर बसत कोण असे, हेंहि लपवूं नये. तिघांचा कोच घरांत आला तो पुरुषमंडळींसाठीं व पाहुण्यांसाठीं. सोयरिकीचीं बोलणीं त्याच्यावर बसून झालीं. जिच्याविषयीं तीं झालीं ती मुलगी मात्र समोर सतरंजीवर किंवा एकाद्या बिनहाताच्या खुर्चीवर खालीं मान घालून बसली. सासरे घरांत असतां सून कोचावर बसली, हें पुष्कळ घरांत पन्नास वर्षांपूर्वीं ऐकूं आलें नसतें. आजीबाईंनीं त्यावर बसणें नाकारलें त्याचें कारण वेगळें. गादीचा कोच धुतां येत नाहीं, तेव्हां सोंवळ्यांत तो चालणार कसा? लांकडाचा बांक किंवा वेताची खुर्ची निदान पाण्यानें पुसतां तरी येई. आज जुना कोच घरीं आणतांना ही जुनी वहिवाट मागें ठेवूनच आणावा. त्यावर घरांतील प्रत्येक माणूस बसणार आहे, असें धरूनच त्याची परीक्षा करावयाची आहे.

आतां बाजाराकडे वळूं. नाशिकच्या जुन्या गांवांतील वाडे एकामागून एक उतरत आहेत. दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या धोक्याच्या नोटिसा लागतात, कोठें भिंत खचते, कोठें भाऊबंद एकमत होऊन जागा बांधणाराच्या स्वाधीन करतात. त्या वेळीं देव, तांब्या-पितळेचीं भांडीं व दागदागिने यांची मोजदाद होते. वाटणीच्या कागदांत पातेलीं-घंगाळीं वजनासकट लिहिलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. कोचाचा उल्लेख क्वचित् सांपडतो. तो दारें, चौकटी, तुळया यांच्या बरोबर जुन्या सामानवाल्याला एकरकमी जातो. तेथून घांसूनपुसून त्याची स्वारी मुंबईस चोरबाजारांत किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारांत पोंचते; आणि मग पंचवटींत जन्मलेल्या आजोबांचा नातू तोच कोच मोबाइलवर चित्रांत पाहून वाहतुकीसह दहापट मोल देऊन गंगापूर रस्त्यावर आणवितो. म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, बाजारांत जाण्यापूर्वीं आपल्या चुलत्यांकडे, आत्याबाईंकडे, मामांकडे विचारावें. माळ्यावर, गच्चीच्या खोलींत, गांवच्या घराच्या पडवींत एकादा सांगाडा बहुधा निघतोच. तो फुकट मात्र मागूं नये. आप्तांत पैशाची गोष्ट काढण्याचा संकोच वाटला तर दुरुस्तीचा खर्च करून त्यांना एक खुर्ची नीट करून द्यावी. नातें व वस्तु दोन्हीं टिकतात.

घरांत कांहीं नाहींच निघालें तर दुकानीं जावें लागेल. तेथें पहिला शब्द कानीं पडतो तो 'अँटिक'. त्याच्या खालोखाल 'ब्रिटिशकालीन'. यांतील पहिल्या शब्दाचा निकाल कायद्यानेंच लावून ठेवला आहे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याप्रमाणें वस्तु पुरावस्तु ठरण्यास ती शंभर वर्षांची असावी लागते. तेव्हां १९५५ सालच्या खुर्चीला तो मान मिळावयास २०५५ साल उजाडलें पाहिजे.

या शंभर वर्षांच्या अटीनेंच चंडीगडची गोष्ट घडली. ती येथें सांगतों, कारण तिच्यामुळें साऱ्या देशांत या सामानाचे भाव चढले. ते नवें शहर ल कॉर्ब्यूझिए यानें आंखलें. त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे हा १९६५ पर्यंत तेथें राहून काम पाहत असे. कचेऱ्या, न्यायालय, विद्यापीठ यांसाठीं त्याच्या देखरेखीखालीं सागवान व वेत यांच्या साध्या, भक्कम खुर्च्या व कोच हजारोंनीं तयार झाले. तिकोनी पायांची ती खुर्ची वाचकांनीं चित्रांतून तरी पाहिली असेल. पुढें कचेऱ्यांना लोखंडी व प्लास्टिकचें सामान आवडूं लागलें. जुन्या खुर्च्या गच्च्यांवर पावसांत कुजत पडल्या व भंगाराच्या भावानें लिलांवांत गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनीं त्या उचलल्या, घांसल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलांवांत लक्षावधि रुपयांस विकल्या. शंभर वर्षें न भरल्यानें पुरावस्तूंचा कायदा त्यांस लागू पडेना; शेवटीं २०११ सालीं केंद्राच्या गृहखात्यानें असें सामान विकण्यास व बाहेर नेण्यास मनाई केली. त्यानंतर नकलांचा सुकाळ झाला. नक्कल वाईटच असते असें नाहीं. चांगल्या सुतारानें चांगल्या लांकडांत केलेली नक्कल आम्ही आनंदानें घेऊं, पण नकलेच्या भावानें. पाठीवर पांढऱ्या रंगानें खात्याचें नांव व क्रमांक लिहिला आहे एवढ्यावरून कोणी भुलूं नये. रंग व कुंचला हे सर्वांनाच मिळतात.

वस्तूचें वय तिच्या पोटाखालीं लिहिलेलें असतें. दुकानांत गेल्यावर कोच उलटा करावयास सांगावें. दुकानदार कांकूं करूं लागला तर तेथूनच परत फिरावें. खालचा भाग सहसा पॉलिश केलेला नसतो, त्यामुळें लांकडाची जात तेथें कळते. सागाला जरासें खरवडलें कीं तेलकट, कातड्यासारखा वास येतो. शिसव हातालाच जड लागतें व काळपट जांभळी रेघ दाखवितें. खालीं फिकट, पांढुरकें लांकूड दिसलें तर तो झाडाचा बाहेरचा भाग. वाळवी व भुंगा पहिला हल्ला तेथेंच करतात. बारीक भोंकें दिसलीं तर टिचकी मारून पाहावें. ताजा, पिठासारखा भुगा गळला म्हणजे किडा अजून आंत नांदत आहे.

नंतर सांधे पाहावे. जुना सुतार एका लांकडाचें टोंक दुसऱ्याच्या भोंकांत बसवून त्यांत लांकडाची खुंटी मारीत असे. चिकटवावयास तो सरस कढवी. फेव्हिकॉल बाजारांत आलें १९५९ सालीं. ज्या सांध्याला कोणी हात लावलेला नाहीं अशा सांध्यांत तपकिरी, कांचेसारखे तुकडे होणारा सरस दिसला तर वस्तु त्या सुमाराची किंवा आधींची असण्याचा संभव. पांढरा डिंक दिसला व दुकानदार 'ब्रिटिशकालीन' म्हणत असला, तर त्याला साल विचारावें. दुरुस्तींत नवा डिंक लागलेला असूं शकतो, म्हणून एकाच सांध्यावर विसंबूं नये. स्क्रूच्या डोक्यावर एक खांच आहे कीं अधिकाची खूण, हेंहि पाहण्यासारखें आहे. अधिकाची खूण आपल्याकडे मागाहून आली. सरसाचे ढिले सांधे हा मात्र दोष समजूं नये. गरम पाण्यानें सरस सुटतो, सांधा मोकळा करून पुनः बसवितां येतो. खिळे ठोकून 'मजबूत' केलेला सांधा हाच खरा रोग. लोखंडानें लांकूड फाटतें आणि पुढच्या सुताराची करवत बोथट होते.

नाशिकच्या वस्तूंत आणखी एक गोष्ट पाहावी. १९६९ व २००८ सालीं गोदावरीला महापूर आले, तेव्हां सराफ बाजार, भांडी बाजार या भागांत पाणी शिरलें. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढलें यावरून पूर मोजण्याची आपली रीत आहे. कोचाचा पूर त्याच्या पायांवर मोजावा. चारी पायांना सारख्याच उंचीवर काळसर रेघ असली, खालचा भाग फुगून उकलला असला, तर तो कोच गंगेंत न्हाऊन आला आहे. भरीव सागाला त्यानें फारशी बाधा येत नाहीं. प्लायवूड असेल तर त्याचे पदर सुटतात व त्यावर उपाय नाहीं.

वेताविषयीं थोडें सविस्तर लिहितों, कारण फसवणूक तेथें अधिक. जुन्या चांगल्या खुर्चीच्या चौकटीला सभोंवार भोंकें पाडलेलीं असतात व वेत एकेक धागा त्यांतून ओवून हातानें विणलेला असतो. नव्या स्वस्त कामांत यंत्रावर विणलेली जाळीची तयार चटई खांचेंत दाबून वरून पट्टी ठोकतात. ती टिकत नाहीं असें नाहीं, पण फाटली कीं सबंध बदलावी लागते, आणि तिचा मोबदला हातविणीचा मागितला जातो. कांहीं ठिकाणीं वेताच्या रंगाची प्लास्टिकची दोरी असते. ती नखानें चटकन् ओळखूं येते. आपल्याकडील अंधशाळांतून खुर्च्या विणण्याचें काम पूर्वीं मुद्दाम शिकविलें जाई, आणि बोटांनीं तपासलेली ती वीण डोळसांच्या विणीहून घट्ट असे. विणकर आतां थोडे राहिले आहेत. म्हणून कोच घेण्यापूर्वीं विणणारा शोधावा, मागून नव्हे. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यांत वेत तडकतो. आठवड्यांतून एकदां खालच्या बाजूनें ओलें फडकें फिरवावें. बसून खोलगट झालेली पण न तुटलेली जाळी खालून कढत पाण्यानें पुसून सावलींत वाळूं दिली तर पुष्कळ अंशीं ताणून येते.

ढेंकणांचें नांव काढल्याबद्दल वाचकभगिनींनीं क्षमा करावी, पण दुकानदार तें कधींच काढणार नाहीं. जुन्या गादीच्या कोचाचें सारें पोट, म्हणजे काथ्या, किंतान, कापूस व वरचें कापड, दुकानाच्या दारांतच काढून टाकवावें. स्प्रिंगा चांगल्या असल्या तर ठेवाव्या. सांगाड्याच्या फटींत रॉकेल सोडून तो एक-दोन दिवस उघड्यावर ठेवावा. घरांत आणून मग बघूं, असें म्हणणाऱ्या एका बिऱ्हाडानें सहा महिने पलंग उन्हांत टाकले, तें आम्हांस ठाऊक आहे.

आतां मोलाची गोष्ट. दुकानदाराचें ठरलेलें वाक्य असें, "नुसतें लांकूडच एवढ्याचें आहे." हें वाक्य टेपानें मोजतां येतें. प्रत्येक लांकडाची लांबी, रुंदी व जाडी इंचांत घेऊन गुणावी, सर्वांची बेरीज करावी व तिला १७२८ नें भागावें, घनफुटें निघतात. सहा फूट लांबीच्या, पट्ट्यांच्या पाठीच्या एका तिघांच्या कोचाचें माप आम्हीं असें घेतलें, तें दीड घनफुटाच्या आंतच भरलें. सागाचा त्या दिवसाचा भाव वखारींत विचारावा, म्हणजे वाक्याची किंमत कळते. नंतर त्याच मापाचा नवा सागवानी कोच करावयास आपला सुतार काय घेईल तें विचारावें. जुन्या कोचाची किंमत, वीण, पॉलिश, उशा व हमाली मिळून जी रक्कम होईल ती या आंकड्याच्या फार वर जाऊं लागली, तर आमच्या मतें थांबावें. जुनें लांकूड पूर्ण वाळलेलें असतें, त्याला पीळ पडत नाहीं, हें खरें. त्यासाठीं थोडें अधिक देणें वावगें नाहीं. आजोबांच्या काळाची आठवण म्हणून मात्र परक्याला पैसे मोजूं नयेत. ती आठवण त्या कोचाला नाहीं.

लांकूड, सांधे, वेत, भाव, सर्व जुळून आलें तरी एक परीक्षा उरते व तिच्यांतच बहुतेक कोच नापास होतात. गेल्या महिन्यांत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाबरोबर आम्ही असाच एक कोच पाहावयास गेलों होतों. पुतण्याला तो फारच मनांत भरला होता. निमुळते पाय, पाठीला सुरेख बांक, लांकूड अस्सल. बरोबर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकू होत्या. "काकू, बसून तर पाहा," पुतण्या म्हणाला. काकू बसल्या, दोन्ही हात टेकून पाहिले, मागें रेलल्या. मग उठूं लागल्या, तों उठवेना. पुतण्यानें हात दिला तेव्हां उभ्या राहून म्हणाल्या, "बसायला छान आहे रे. पण उठवायला एक माणूस ठेवावा लागेल." दुकानदार लगेच म्हणाला, "आजी, पायांखालीं ठोकळे लावून देतों." काकूंनीं त्याच्याकडे नुसतें पाहिलें.

काकूंचें म्हणणें मापानें सांगावयाचें तर असें. त्या काळचे कोच बसल्यावर जमिनीपासून चौदा-पंधरा इंचांवर येतात व त्यांची खोली चोवीस इंचांपर्यंत असते. तरुण माणसाला पाय पसरून बसावयास तें उत्तम. गुडघे दुखणाऱ्याला सतरा-अठरा इंच उंची, वीस-एकवीस इंच खोली आणि उठतांना जोर देतां येईल असा पुढपर्यंत आलेला हात, या तीन गोष्टी लागतात. तिरप्या निमुळत्या पायांखालीं ठोकळे लावणें धोक्याचें. सबंध भार वांकड्या रेषेंत पडून पाय सांध्यांतून मोडतो. त्याऐवजीं दोन-अडीच इंच जाडीची घट्ट उशी अधिक घालावी व पाठीमागें एक पातळ तक्क्या द्यावा. उंची वाढते, खोली कमी होते आणि कोचाला कोठेंहि करवत लागत नाहीं. त्या कुटुंबानें तसें केलें. कोचाबरोबर मांडलेली एक साधी, उंच बैठकीची, पुढपर्यंत हात असलेली वेताची खुर्चीहि त्यांनीं काकूंच्या सांगण्यावरून घेतली. कोणाच्याच नजरेंत ती भरली नव्हती व म्हणून स्वस्त पडली.

चित्र पाहून कोच मागवूं नये, याचें कारण आतां निराळें सांगावयास नकोच. दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. आपल्या इमारतीच्या जिन्याचें वळण व लिफ्टचें दार आधीं मोजावें. सहा फुटी कोच लिफ्टमध्यें उभाहि मावत नाहीं असा अनुभव पुष्कळांस आहे. नट-बोल्टांनीं जोडलेला कोच सुटा होतो, खुंटीचा होत नाहीं. आणि खरेदी चैत्र-वैशाखांत करावी. पावसाळ्यांत लांकूड फुगतें व ढिले सांधेहि घट्ट भासतात; उन्हाळ्यांत ते आपला खरा आवाज काढतात. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तर भावहि चढलेले असतात.

पुढील महिन्यांत झोपाळ्यांविषयीं लिहूं. ज्यांच्याकडे वाड्यांतून काढलेला झोपाळा आहे व नव्या घराच्या सिमेंटच्या छताला तो टांगावा कीं नाहीं असा प्रश्न पडला आहे, त्यांनीं फळीची लांबी, रुंदी, जाडी व कड्यांची जाडी लिहून कळवावी.